सायकस आणि बटण

३ जून
मुलगी आली. किती वर्षांनी! (भांडण तिनेच धरून ठेवलं होतं, मी केव्हाच विसरलोय.) तिला ट्रेनिंगला जायचंय, जावई दौऱ्यावर, म्हणून कुत्रा माझ्याकडे. नाव बटण. हॉलमधली माझी झाडं बघून म्हणाली, बाबा, हा सायकस कुत्र्यांना विषारी असतो, जीव जातो. आणि त्या डिफेनबॅकियाने जीभ सुजते. दोन्ही बाहेर काढा. म्हटलं, आजच.

४ जून
डिफेनबॅकिया कपाटावर चढवला. सायकस गच्चीत नेण्याचा निर्णय पक्का. कुंडी जड. कंबर. उद्या.

६ जून
कुंडी हलवण्यापेक्षा कुत्र्याला शिस्त लावणं सोपं. अख्खं डिपार्टमेंट सांभाळलंय मी. सायकसकडे बोट दाखवून कडक आवाजात 'नो' म्हटलं. त्याने बोट चाटलं. म्हणजे समजलं.

७ जून
मुलीचा फोन. झाडं काढलीत ना? म्हटलं, केव्हाच. हे खोटं नाही, निर्णय झालेला आहे. ती म्हणाली, थँक्यू बाबा, तुमच्यामुळे मी निर्धास्त आहे. दिवसभर मूड छान.

९ जून, सकाळ
पेपर आणायला खाली गेलो तेवढ्यात घात. माती कार्पेटभर, सायकसचा बुंधा कुरतडलेला. इतकं महागाचं झाड! बटणला चांगलंच झापलं. शेपूट हलवत होता, निर्लज्ज.

दुपार
दोनदा ओकला. खादाडपणा, दुसरं काय. डॉक्टरकडे न्यावं, पण मग मुलीला कळणार, तिचं ट्रेनिंगमधलं लक्ष उडणार. बापाला सगळा विचार करावा लागतो.

संध्याकाळ
तिचा फोन. बटण कसा आहे? म्हटलं, मजेत, झोपलाय. झोपलाच होता. हाक मारली तरी उठत नव्हता, एवढी गाढ झोप.

१० जून
शेजारीणबाई वाटी परत करायला आल्या आणि बटणला बघून किंचाळल्याच. मला न विचारता त्याला उचलून गाडीत घातलं. मागोमाग मीही. डॉक्टरने विचारलं, काय खाल्लं याने? म्हटलं, विशेष काही नाही. तेवढ्यात तो पुन्हा ओकला आणि बुंध्याचे तुकडे पडले. डॉक्टर म्हणाला, कालच का नाही आणलंत? लिव्हरला लागलंय, सांगता येत नाही. वयाने मोठ्या माणसाशी बोलायची ही रीत नाही. मुलीला शेजारीणबाईंनीच कळवलं. नसती लुडबुड.

११ जून
मुलगी ट्रेनिंग अर्धवट टाकून थेट दवाखान्यात. सलाईन लावलेल्या बटणच्या डोक्यावर हात ठेवून बसलेली. मी मुद्दे तयार ठेवले होते: कुंडीचं वजन, माझी कंबर, कुत्र्याची हाव. तिने एवढंच विचारलं, तुम्ही फोनवर मजेत म्हणालात, तेव्हा तो कसा होता? म्हटलं, झोपला होता. ती रडली नाही, ओरडलीही नाही. ओरडली असती तर समजूत काढता आली असती.

१४ जून
दवाखान्यात गेलो. कुत्र्याला ती परस्पर घेऊन गेली म्हणे. ठीक आहे, तिलाही जरा निवांतपणा हवा.

२५ जून
पुरेसे दिवस जाऊ दिले. माणसं ओळखावी लागतात, राग आता निवळला असणार. फोन केला. जावयाने उचलला. मागे बटण भुंकत होता. म्हणजे बरा झाला! एवढा बाऊ करण्यासारखं काही नव्हतंच. हे मी सांगणार, इतक्यात मागून मुलीचा आवाज आला, कोण आहे रे?

जावई तिला म्हणाला, राँग नंबर. आणि फोन ठेवला.

नंबर तपासला. बरोबर होता.