केरबाने सोडलेले बैल

मु. आपलं गाव, तालुका जावळी
१२ मार्च १९९६

प्रशांतच्या आईस सप्रेम जयभीम.

मी खुशाल आहे. पुतण्याकडे जेवण वेळेवर मिळतं. तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस ना?

काल गाडीवाला केरबा काठी टेकत आला. आपण मेलेली ढोरं ओढणं सोडलं आणि गावानं वाळीत टाकलं, त्या साली आपल्या आजारी लेकीला, मायाला, दवाखान्यात न्यायला त्यानं गाडी नाकारली होती. म्हणाला, "गुर्जी, बैल जुंपलं व्हतं. पंचांनी डोळं वटारलं आन मी सोडलं. माफी द्या."

मला मेढ्याच्या दवाखान्याची ती वाट आठवली. खिंडीत पळस फुलला होता. माया खांद्यावर होती. मी पहिलीतली कविता म्हणायचो, ओळीतला शेवटचा शब्द ती म्हणायची. मग तो शब्द आलाच नाही. तरी मी कविता पुरी केली. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

केरबाला चहा दिला. म्हटलं, "माझ्यापुरतं माफ केलं रं. पण तिच्या आईचं मी कसं सांगू?"

त्याला सांगलीला येऊन तुझ्या पाया पडायचंय.

येऊ दे म्हणालीस तर आणतो. नको म्हणालीस तर एकटाच येईन, आणि का म्हणून विचारणार नाही.

तुझाच,
प्रशांतचे आण्णा