क्लीटसच्या दुकानातलं पहिलं गिऱ्हाईक

इकेजा, लागोस
शनिवार, ७ फेब्रुवारी

चि. दुबेम,

तुझ्या ताईचा आशीर्वाद. आईला माझा नमस्कार सांग. सोबतच्या पिशवीतलं तेल तिच्या गुडघ्यांना रोज चोळ, नुसतं फळीवर ठेवून देऊ नकोस. वाळवलेले मासे तुम्हा दोघांना. निळा शर्ट तुझा. मी बरी आहे. विद्यापीठाच्या फाटकापाशी माझं टायपिंग-छपाईचं दुकान चालू आहे. परीक्षा आल्या की मुलं रांग लावतात आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. जनरेटर ऐकून ऐकून आता तो बंद असला तरी कानात घरघरतो.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देतेय. पत्राचं एक बरं असतं, मधेच कट करता येत नाही. फाडता येतं म्हणा, पण आई शेजारी बसली असेल तर तेही जमायचं नाही.

शेवटचं बोललो तेव्हा तू म्हणालास, "ताई, त्या माणसाचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही." बरं. नाही काढत. एका लॅपटॉपबद्दल लिहिते. लॅपटॉप म्हटल्यावर तू वाचशीलच.

जानेवारीत बाजारात एक नवीन मशीन आलंय. इतकं पातळ, की मिटून टेबलावर ठेवलं तर कुणाची तरी वही राहिलीय असं वाटावं. आत पंखाच नाही, त्यामुळे आवाज नाही. पडदा असा लख्ख की त्यात स्वतःचा चेहरा बघून मीच जरा केस नीट केले. बॅटरी अठरा तास चालते असं सांगतात. आणि किंमत एकोणीस लाख नायरा.

मी दुकानदाराला म्हटलं, "एकोणीस लाख? मग हे स्वयंपाकही करत असेल."

"मॅडम, आधी वजन बघा. दिवसभर खांद्याला लावून फिरा, खांद्याला पत्ता लागणार नाही."

"माझ्या खांद्याची काही तक्रार नाही. लंडनहून आलेलं वापरलेलं मशीन मला चार लाखांत मिळतं. उरलेल्या पैशात खांदे दाबायला माणूस ठेवीन."

गल्लीतली माणसं हसली. त्यालाही हसावं लागलं. सकाळची वेळ, दुकान नुकतंच उघडलेलं, आणि मी पहिलं गिऱ्हाईक. पहिल्या गिऱ्हाइकावर कोण चिडणार?

दुसऱ्या दिवशी मी मशीनच्या कडेची भोकं मोजली. दोनच, आणि दोन्ही सारखी. "माझ्या प्रिंटरची वायर कुठे घालायची? तुमच्या नाकात?"

"त्याला वेगळा जोड मिळतो, मॅडम. स्वस्त असतो."

"म्हणजे बापाला एवढे पैसे मोजून नवरी घरी आणायची, आणि मग कळणार की तिचे पाय वेगळे विकत घ्यायचेत!"

मग विचारलं, मेमरी वाढवता येते का. नाही, ती सोल्डर करून बसवलीय. बॅटरी बदलता येते? येते, पण उघडायलाच खास हत्यार लागतं. आणि आमच्या या उन्हात, पंख्याशिवाय? हरमॅटनच्या वाऱ्याची धूळ सुटली की? यावर त्याने मला गप्प केलं. म्हणाला, "धूळ शिरायला भोक तरी हवं ना, मॅडम! पंखा नाही म्हणून वाटच नाही. आणि वीज गेली की तुमच्या दुकानातली मुलं पळतात, हो की नाही? हे चालूच राहील. जनरेटरला वर्षभर किती पेट्रोल पाजता ते आठवा, मग सांगा महाग कोण." हे त्याचं खरं होतं, आणि ते खरं असल्याचा मला भयंकर राग आला. माल विकण्याची जीभ आहे त्याला. ती तू सहा वर्षं ऐकलीस.

तर आता तू ओळखलंस. हो, तेच दुकान. तुझ्या मालकाचं, ओगा क्लीटसचं. नाव काढलं शेवटी. रागवायचं तर रागव.

तूच एकदा ख्रिसमसला घरी आला होतास तेव्हा हसत हसत सांगितलं होतंस, आमचा ओगा कुणालाच घाबरत नाही, पण सकाळी पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं की पाय गळतात त्याचे. भवानी चुकली की दिवस नासला. म्हणून पहिल्या माणसाला तो पडेल त्या भावात देतो, तोटा सोसून देतो, पण हात हलवत जाऊ देत नाही. आपले सगळेच व्यापारी थोडेफार तसेच, पण त्याच्याइतका हळवा दुसरा नाही.

गेले तीन आठवडे, रविवार सोडून रोज, त्या दुकानातलं पहिलं गिऱ्हाईक मी असते. आणि मी काही घेत नाही.

आता सगळी गल्ली बघायला जमते. कोपऱ्यावर डाळीचा वाफाळता ओक्पा विकणारी म्हातारी, मामा एजिने, तर माझ्यासाठी स्टूल काढून ठेवते. लोकांचे दोन गट पडलेत. एक म्हणतो असलं पातळ मशीन म्हणजे श्रीमंतांचा चोचला, बसच्या गर्दीत एका दणक्यात दोन तुकडे. दुसरा म्हणतो, बॅटरीकडे बघा, वजनाकडे बघा, पाच वर्षांत पैसे वसूल. भर सकाळी हातात ओक्पा घेऊन माणसं भांडतात. आणि मधे क्लीटस, घाम पुसत, भाव उतरवत. एकोणीसचे सतरा झाले. सतराचे पंधरा. बुधवारी त्याने खरेदीच्याही खाली भाव सांगितला आणि सगळी गल्ली पुढे सरकली. मी मशीन उलटंसुलटं केलं आणि म्हटलं, "भाव चांगला आहे हो. पण रंग मनात भरत नाही."

मी गेल्यावर तो उंबऱ्यात मीठ टाकतो. कागद पेटवून दुकानभर फिरवतो. एक दिवस त्याने बायकोलाच पहाटे आणून उभी केली आणि तिला एक पेन ड्राइव्ह विकत घ्यायला लावला. मामा एजिने गल्लीच्या टोकावरून ओरडली, "अहो क्लीटस, घरच्याच बाईच्या हातची भवानी? उद्या आरशाला विकाल!" त्या दिवशी त्याच्याकडे संध्याकाळपर्यंत कुत्रं फिरकलं नाही. माझा हात वाईट आहे की नाही देव जाणे, पण गल्लीने तसं ठरवलं की गिऱ्हाईक आपोआप शेजारच्या दुकानात शिरतं.

मी कोण ते त्याला आधी कळलं नव्हतं. मला त्याने एकदाच पाहिलेलं, तुला त्याच्या हवाली केलं त्या दिवशी. आपल्या मामांच्या मागे उभी होते मी, हातात ताडीचा घडा घेऊन. त्याने तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "आता हा माझा मुलगा." मग एका सकाळी मामा एजिनेने मुद्दाम, चांगल्या खणखणीत आवाजात विचारलं, "अकुन्ना, पोरी, दुबेम कसा आहे गं?" क्लीटसच्या हातात मशीन होतं. ते त्याने इतकं हळू खाली ठेवलं, जणू तेच त्याला चावणार होतं.

मी हे का करतेय, ते तुला अजून माहीत नाही. ऐक.

गेल्याच्या गेल्या ख्रिसमसच्या आधी तीन मशीनं गायब झाली म्हणून त्याने तुला गल्लीच्या मधोमध गुडघ्यावर बसवलं. सहा वर्षं बिनपगारी राबलास, कारण रीतच तशी, मालकाने शेवटी दुकान लावून द्यायचं. ते लावून द्यायची वेळ आली आणि तू चोर झालास. शर्ट काढायला लावला. तू गावी परत आलास तेव्हा बनियनवर होतास, आणि आई म्हणाली, याला थंडी वाजत असेल.

ती मशीनं चोरीला गेलीच नव्हती, दुबेम. ख्रिसमसच्या गर्दीत पलीकडच्या गल्लीतल्या पॉलिनसने ती शब्दावर नेली होती. आपल्या बाजारात रोज होतं तसंच, "ओगा, गिऱ्हाईक उभं आहे, तीन द्या, हिशेब मागाहून." क्लीटसने स्वतःच्या हाताने काढून दिली आणि विसरला. पॉलिनस गावी गेला. जानेवारीत परत आला, पैसे चुकते केले. क्लीटसने घेतले, खिशात घातले, आणि तोंड मिटलं. पॉलिनस बिचारा समजून होता की तुला परत बोलावलं असणार. या ख्रिसमसला मामा एजिनेकडे त्याने तुझी चौकशी केली, तेव्हा सगळं बाहेर आलं. म्हणजे तो माणूस वर्षभर जाणून होता. वर्षभर तू तिकडे तीनचाकी हाकत होतास, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसत होतास, आणि तो रोज सकाळी शटर वर करून भवानीची वाट बघत होता.

इथपर्यंत लिहिलं आणि उठून पाणी पिऊन आले. पुढचं टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

गुरुवारी त्याने मला आत बसवलं. थंड माल्टची बाटली मागवली. शटर अर्ध्यावर ओढलं आणि म्हणाला, "ताई, पुरे झालं आता. तू जिंकलीस. दुबेमला दुकान लावून देतो. पुढच्या लाइनीत गाळा बघून ठेवलाय. माल भरून देतो, नवा माल. किल्ली ईस्टरपर्यंत माझ्याकडे राहील, कधीही येऊ दे त्याला. आणि हे मशीन तू घेऊन जा, तुला आवडलंय ते मला दिसतं."

आवडलंच आहे. खोटं कशाला बोलू? मांडीवर ठेवलं तर उचलवेना.

मी म्हटलं, "शटर वर करा. जिथे त्याला गुडघ्यावर बसवलंत तिथे उभे राहा आणि एवढंच सांगा, की दुबेमने चोरी केली नव्हती, मी विसरलो होतो. मग दुकान नाही दिलंत तरी चालेल."

त्याने माल्टची बाटली माझ्याकडे सरकवली. "ते नाही होणार. तू बाजारातली नाहीस, तुला कळणार नाही. इथे लाखांचा माल नुसत्या शब्दावर फिरतो. क्लीटस आपण दिलेला माल विसरतो, असं एकदा मीच बोललो, तर उद्यापासून माझ्या शब्दावर मला कोण उभं करेल?"

"आणि त्याच्या शब्दावर कोण उभं करेल?"

"दुकान देतोय ना त्याला! लोक दुकान बघतात ताई, बाकी विसरतात."

मी मशीन मांडीवरून काढून काउंटरवर ठेवलं आणि नाही म्हणून सांगितलं.

समजलं का तुला? तुझं दुकान मी नाकारलं. तुला न विचारता. सहा वर्षांचं तुझं राबणं, आईचे उपास, सगळं समोर ताटात वाढलेलं होतं आणि मी ताट ढकललं. बाहेर आले तेव्हा मामा एजिनेने विचारलं, "काय म्हणाला?" मी म्हटलं, "रंग अजून मनात भरत नाही." ती हसली. मला हसू आलं नाही, पण दुःखही झालं नाही. गोड वाटलं, दुबेम. तो अर्ध्या शटरखाली वाकून माझ्याकडे बघत होता, आणि मला इतकं गोड वाटलं की तुझ्यासाठी करतेय की माझ्यासाठी, हे मी स्वतःला विचारलंच नाही. आता विचारते आणि उत्तर येत नाही. पण थांबावंसंही वाटत नाही.

आपले मामा म्हणतील, अकुन्नाचं डोकं फिरलंय. आई म्हणेल, झालं गेलं विसर. त्यांना म्हणू दे. त्याची मान सगळ्या गल्लीसमोर खाली गेलेली मला बघायचीय, तुझी गेली होती तेवढीच.

तुला दुकान हवं असेल तर घे. मी नाही म्हटलं म्हणून तुझं तोंड कुणी शिवलेलं नाही. ईस्टरच्या आत ये, गुपचूप किल्ली घे, वर तुझं नाव रंगव. आईला आनंद होईल. मी आडवी येणार नाही, एक शब्द बोलणार नाही. फक्त एवढं लक्षात ठेव. ज्या सकाळी तू ते शटर वर करशील, त्या सकाळी तुझ्या दुकानातलं पहिलं गिऱ्हाईक मी असेन. दुसऱ्या सकाळीही मीच असेन. प्रत्येक मशीन हातात घेईन, भाव विचारीन, वाद घालीन, आणि काही न घेता निघून जाईन.

तुझी, आणि गल्लीत गुडघ्यावर बसवलेल्या त्या पोराची,
ताई अकुन्ना