बाहेरच्या टाकीचा सेन्सर

१ ऑगस्ट १९९४

नीलिमाला दिलं! नऊ वर्षं या अंबरनाथच्या कारखान्यात मी मीटर दुरुस्त करतोय, आणि बाहेरच्या टाकीचं तापमान आत पडद्यावर दाखवायचं काम आठ महिन्यांपूर्वी आलेल्या मुलीला! चिंतामणी साहेब म्हणाले, "भगवान, मायक्रोकंट्रोलरचं बोर्ड तिनेच बनवलंय ना. तू सेन्सर सुचव." सुचव म्हणे!

३ ऑगस्ट

थर्मिस्टर सुचवला. उल्हासनगरला स्वतः जाऊन निवडून आणला. नीलिमा म्हणते, "भगवानदादा, याचा आकडा सरळ चढत नाही. एलएम-३५ घेऊ. एका डिग्रीला दहा मिलिव्होल्ट, काम सोपं."

बरोबर आहे तिचं. म्हणूनच जास्त डोकं फिरलं.

५ ऑगस्ट

साहेबांनी दोघांचे सेन्सर बादलीत बुडवायला लावले. पाणी शिरू नये म्हणून मी वायरवर रबरी स्लीव्ह चढवून वर इपॉक्सी हे घट्ट होणारं चिकट रसायन भरलं होतं. तासाभरात माझा आकडा नाचायला लागला — वायरच्या गुळगुळीत प्लास्टिकला इपॉक्सी धरलंच नव्हतं, कडेने पाणी आत! तिने इपॉक्सी धरावं म्हणून वायर आधी पॉलिशपेपरने घासली होती, मग स्टीलच्या नळीत बसवली. तिचा आकडा जागचा हलला नाही.

"हिच्याकडून शिका जरा!" — साहेब, सगळ्यांसमोर.

डबा तसाच परत आणला. बायको म्हणाली, पोट बिघडलं का? हो म्हटलं.

६ ऑगस्ट

तिचा सेन्सर टाकीवर बसवला. शिडीवर मी होतो. मला दिसलं — वायर नळीत शिरते तिथे, वरच्या तोंडाला, जे बादलीत बुडालंच नव्हतं, नखाएवढी फट. पावसाचं पाणी वायरवरून ओघळून नेमकं तिथेच जाणार.

खालून तिने विचारलं, "दादा, सगळं ठीक ना?"

"एकदम!" म्हटलं.

७ ऑगस्ट

रविवार. दिवसभर धो धो पाऊस. खिडकीत बसून बरं वाटलं. लाज वाटावी इतकं बरं.

९ ऑगस्ट

आजचं लिहायला नको वाटतं. तरी लिहितो.

दुपारी पडद्यावर एकाहत्तर डिग्री! टाकी पन्नाशीच्या वर कधी जात नाही. मनात म्हटलं, गेलं पाणी आत! टाकीवरचे जुने ऑपरेटर रामभाऊ छत्री शोधत होते. "आकडा लई चढलाय रे. वर जाऊन बघतो."

"कशाला भिजता? नीलिमाबाईंच्या सेन्सरात पाणी शिरलंय. मी सांगतो ना!"

ती जेवायला गेली होती, नाहीतर तिच्या तोंडावर म्हटलं असतं. रामभाऊ बसले. माझ्या शब्दावर.

वीस मिनिटांत टाकीचं झाकण उडालं. टाकी तापवणारा वाफेचा व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता. आकडा खरा होता! रामभाऊ व्हॉल्व्ह बंद करायला धावले. उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

१० ऑगस्ट

दवाखान्याच्या बाकावर नीलिमा शेजारी बसली होती. मी विचारलं, पाणी कसं शिरलं नाही? म्हणाली, "रविवारी पाऊस बघून राहवेना. घरून, कात्रपहून आले, शिडी लावली. वर फट राहिली होती, ती भरली. तुमच्या नजरेतून सुटली असेल दादा."



आत रामभाऊ साहेबांना सांगत होते, "माझीच चूक. डुलकी लागली मला."

११ ऑगस्ट

साहेबांना सांगितलं — रामभाऊ जागे होते, मी थांबवलं त्यांना. आणि ती फट मी शनिवारीच पाहिली होती. नीलिमा तिथेच उभी होती. तिने मान वर केली नाही.