नऊ चौकोनांची घडी

मी, गल्लीत जिला सगळे 'इस्त्रीवाली ताई' म्हणतात ती, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्या दडपणाखाली न येता हे लिहून ठेवत आहे. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी घासाघीस करून बघावी.

१. लाँड्री, मागची खोली, इस्त्र्या आणि दगडी हौद माझ्या भाचीला द्यावा. लग्नाच्या वेळी तिने माझं ऐकलं नाही, पण कॉलरला खळ द्यावी तर तिनेच. जावयाने धंद्यात लुडबुड करू नये.

२. कपड्यांची वेताची टोपलीही तिलाच. माझ्या भावाला संत ठरवायला निघालेली चर्चची समिती ती काचेच्या कपाटात ठेवू म्हणते. अजिबात देऊ नये. टोपली कपडे वाहायला असते.

टोपलीची हकिकत भाचीला ठाऊक असावी. सरकारने चर्चना कुलपं ठोकली आणि मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, म्हणणाऱ्या फादरला गोळी घालायचा हुकूम काढला, तेव्हा माझा धाकटा भाऊ, तोही फादरच, झगा उतरवून माझ्याकडे गडी म्हणून राहिला. इस्त्रीचे कपडे घरोघर पोचवायचा. घड्यांच्या आत ख्रिस्तप्रसाद, मिस्सेतली पवित्र भाकर, लपवलेली असायची. मळके कपडे घेताना लोकांच्या स्वयंपाकघरात टेकायचा, तेवढ्यात माणसं पापांची कबुली देऊन मोकळी व्हायची. समिती म्हणते, धीरगंभीर पुरुष. कसला धीरगंभीर! हसायला लागला की ठसका लागायचा. कामाच्या नावाने तर आनंदच. बाह्या जाळल्या, माझी चांगली चादर निळीत बुडवली. दुपारी आम्ही हौदाच्या काठावर बसून आईच्या नकला करायचो. देवा रे, काय दिवस होते! डोक्यावर मरण होतं, पण तेवढी मी पुन्हा कधी हसले नाही.

३. त्याचा शेवटचा सदरा समितीला रक्ताच्या डागांसकट हवा आहे. हाती आला तसा मी तो धुतला. लाँड्रीवाली बहीण दुसरं काय करणार? तो सदरा माझ्याबरोबर थडग्यात पुरावा.

४. आता रुमाल. रुमालाची घडी चौपदरी असते. वेदीवरचं कापड मात्र आडवं तीन पदरी, उभं तीन पदरी, असं नऊ चौकोनांत दुमडतात. भावाचा हात तसाच वळायचा. मी ओरडायचे, "अरे, वेदी नाही ही, लोकांची नाकं आहेत!" तो जीभ चावायचा आणि पुन्हा तेच. एकदा माझी नजर चुकली आणि तसा रुमाल समोरच्या पोलीस अधिकाऱ्याच्या घरी गेला. हा अधिकारी लहानपणी वेदीवर फादरच्या हाताखाली सेवा करायचा. त्याने घडी ओळखली.

शिपाई आले तेव्हा भाऊ इस्त्री करत होता. कपडा जळू नये म्हणून त्याने इस्त्री उभी ठेवली, जन्मात पहिल्यांदाच. जाताना म्हणाला, "ताई, त्याचा राग धरू नकोस. माझ्यासाठी एवढं कर." त्याच आठवड्यात त्याला गोळी घातली.

५. तो अधिकारी अजून समोरच राहतो. ते सरकार गेलं, त्याची बायको गेली, कुणी त्याच्या दारात जात नाही. कपडे माझ्याकडेच टाकतो. मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही, पण दर वेळी त्याचे रुमाल नऊ चौकोनांत घडी घालून पाठवले. त्याने कधी तक्रार केली नाही, दुसरी लाँड्रीही शोधली नाही. भाची विचारायची, "मावशी, याचेच असे का गं?" मी म्हणायचे, "गिऱ्हाइकाची आवड."

भावाने एकच गोष्ट मागितली, राग सोडायची, आणि तीच माझ्याने झाली नाही. खूपदा ठरवलं, हात वळला नाही. म्हणून ते काम भाचीच्या नावे करत आहे. बाळ, मला पोचवून आलीस की दुकान उघड आणि आधी त्याचे रुमाल घे. चौपदरी घडी घाल, सगळ्यांच्या घालतेस तशीच. आणि स्वतः नेऊन दे.

हे मी माझ्या हाताने लिहिलं, वाचून पाहिलं आणि दोघांसमोर सही केली.

सही: ताई
साक्षीदार: कोपऱ्यावरचे घड्याळदुरुस्तीवाले, शेजारची शिवणवाली
ठिकाण: दुकानातलं इस्त्रीचं टेबल
दिनांक: आज, सोमवार, चादरी भिजवायचा दिवस