तळ्यातलं इंजिन

१७ ऑगस्ट, रवि.
उल्हासनगरहून मेकॅनिक लालूभाई आले. ताडपत्री काढली, बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि बाहेर काढून रुमालाने कपाळ पुसलं. "दीदी, ये तो गया." ब्लॉकला तडा. अप्पा गेल्यापासून त्यांची पद्मिनी गाडी बदलापूरच्या या बिल्डिंगखाली उभी, कुणी हात लावला नाही, दुसरं काय होणार. पार्ट आता मिळत नाहीत. म्हणे व्हॅनचं इंजिन बसवू, मक्खन चलेगी.
वर आले तर आई दारातच.
"बोल, कदी चालू होते?"
म्हटलं, रिक्षा करू ना. मावशीकडे, वांगणीच्या पुढे तर जायचं.
"रिक्षातून मी जायची नाय."
विषय संपला.

१९ ऑगस्ट
लिहून ठेवते, नाहीतर पुढे मलाच खरं वाटायचं नाही. मी नववीत. मावशीच्या थोरल्याची हळद. आम्ही भाजीच्या टेम्पोतून गेलो, दुसरं होतं काय. काका, म्हणजे मावशीचा नवरा, मांडवाच्या तोंडाशी उभा. चार पाहुण्यांसमोर म्हणाला, "टेम्पो मागं घ्या, भाजी तिकडं उतरते." आई खाली उतरलीच नाही. वरूनच म्हणाली, "आता या दारात येईन तं आपल्या गारीतूनच येईन."
पुढच्या वर्षी अप्पांनी ही पद्मिनी घेतली, तीही जुनीच. पण बोलावल्याशिवाय आई जाईना आणि मावशी बोलवेना. दोघी एकाच आईच्या, नाक एकाच मापाचं. त्यात इतकी वर्षं गेली.
आता मावशी अंथरुणाला खिळलीय, किडनीचं. मागच्या महिन्यात तिनेच फोन केला. "ताय, एकदा येऊन जा." आई म्हणाली, "येते. गारी काढते."
गाडी निघत नाही, हे मावशीला कोण सांगणार.

२४ ऑगस्ट, रवि.
दिनेशने टेम्पोला दोर बांधून गाडी उल्हासनगरला नेली. दिनेश माझा चुलतभाऊ. टेम्पो त्याचा, तोंडही त्याचंच. "ताई, एवढ्या पैशात नवी येईल ना गं." त्याला म्हटलं, काकीला सांग हे. लगेच दोर सोडायला वळला.
व्हॅनचं इंजिन बघितलं. लालूभाई त्याच्यावर थापा मारत होते, बैलाच्या पाठीवर मारतात तशा. मी बिल मागितलं. जसं काय त्यांची जन्मपत्रिका मागितली. पण घेतलंच. कंपनीत क्वालिटीला आहे मी, कागद नाही तर माल गेटच्या बाहेर नाही. सवय.

७ सप्टें., रवि.
काल गणपती गेले, आज जुनं इंजिन निघालं. चेनवर लटकत होतं. एवढंसं दिसलं, मला वाटायचं केवढं असेल. भंगारवाला गॅरेजच्या दारात उभाच. आईला फोन करून सांगितलं, सहज.
"भंगारात? मग दर दसऱ्याला हलदकुंकू कशाला लावलं?"
म्हटलं, पूजा गाडीची असते.
"पत्र्याला कोन पुजतं? बॉनेट उघरून लावायची मी. पुजलेलं इकत नाय. पान्यात सोरायचं."
हे मात्र खरं. हार बाहेर, पण हळदकुंकू आत, इंजिनालाच. अप्पा बॉनेट धरून उभे राहायचे, दांडी मोडलेली म्हणून.
लालूभाईंना सांगितलं. आधी हसले, मग गंभीर. "पानी को तो हम सिंधी भी मानते हैं, दीदी." भंगारवाल्याला हाकललं.

१४ सप्टें., रवि.
झालं विसर्जन. आमच्या गावच्या तळ्यावर, गणपती सोडतात त्याच पायरीवरून. लालूभाईंकडून तेल पूर्ण काढून घेतलं होतं, डिझेलने आणि मग साबणाने धुवायला लावलं, नाहीतर मासे मरायचे आणि गाव आमच्या नावाने बोंबलणार. मंडळाची माणसं दिनेशने आणली. बांबूला बांधून, "सावकाश, सावकाश." आईने ओवाळलं. कुंकू लावलं, पेढा ठेवला. मग सोडलं.
बुडबुडे आले आणि सवयीने एकजण ओरडला, "पुढच्या वर्षी!" सगळे, "लवकर या!"
मग एकदम हशा. आईसुद्धा पदर तोंडाला लावून. मी हसता हसता रडले. अप्पांची आठवण आली, फार आली. घाम म्हणून खपून गेलं.

२१ सप्टें., रवि.
लालूभाई: "परसों पक्का." त्यांचा परवा आणि आपला परवा वेगळा. माउंटिंग जुळत नाही, नवीन वेल्ड करणार. शाफ्ट लांब पडतो, लेथवर कापायला दिलाय. बॉनेट बसत नाही. मी विचारलं, मग बसतंय काय? "दिल बैठ रहा है, दीदी."
आई रोज फोनवर मावशीला सांगते, "निंगते आता." निघायचं पातळ बांधून ठेवलंय, हिरवं.

२८ सप्टें., रवि.
चालू झालं. आवाज अगदी बारीक, शिलाई मशीन. आमची पद्मिनी पुलावर आली की घरी कळायचं. ही दारात आली तरी कळणार नाही. लालूभाई मात्र खूष, एक चक्कर मारून आले. "देखा? मक्खन."
चांगली चालते. नावं ठेवायला जागा नाही.

२ ऑक्टो., दसरा
गाडी घरी आणली. इंजिनाची नोंद आर.सी.वर झालेली नाही, म्हणून मी चालवू दिली नाही. चालू गाडी टेम्पोला दोर बांधून आणली. अंबरनाथला सिग्नलवर लोक हसत होते. दिनेश खिडकीतून सगळ्यांना सांगत होता, "चालते, चालते, आमची ताई चालत नाय."
आई ताट घेऊन खाली. मी बॉनेट धरलं. तिने आत बघितलं. बराच वेळ. मग एक बोट कुंकू टेकवलं, हळद नाहीच.
"काय झालं?"
"नवीन हाय. वलख नाय अजून."

८ ऑक्टो.
अर्धी रजा टाकून कल्याणला आरटीओच्या एजंटकडे. नवीन इंजिनाचं बिल बघून खूष झाला, असं कुणी आणत नाही म्हणाला. मला बरं वाटलं. मग म्हणाला, "जुनं इंजिन? भंगाराची पावती?"
म्हटलं, विसर्जन केलं.
"काय केलं?"
सगळं सांगितलं. त्याने चष्मा काढला. "मॅडम, तळ्याची पावती मी कुठून आणू? जुन्यावरचा नंबर तरी दाखवा. इंजिन घेऊन या. सोमवारी, शुक्रवारी, कधीही."
घरी आईला सांगितलं. तिने ताटातला घास खाली ठेवला.
"इसर्जन केलेलं परत काढीत नाय. खुळी झालीस?"
मग भांडीच घासत बसली.

१२ ऑक्टो., रवि.
आज कडाक्याचं झालं.
"अशीच चल. एक दिवस तं जायचंय."
म्हटलं, इन्शुरन्स नाही, नोंद नाही, कुणाला लागलं तर?
"तुजे अप्पाकडं लायसन तरी होतं का पैलं वरीस?"
हे मला माहीत नव्हतं. मी तरी नाही म्हटलं. आवाज चढला, माझाच. ती म्हणाली, "तू आनि तुजे कागद." मी म्हटलं, तू आणि तुझं तळं. दोघी आपापल्या खोलीत.
माझं चुकत नाहीये. पण माझ्या बरोबर असण्याने मावशीला काय.

१९ ऑक्टो., रवि.
काल मावशीच्या सुनेचा फोन. जेवण सोडलंय. पाणी चमच्याने. दिवसातून चार वेळा विचारते, "ताय निंगाली का?"
आईने ऐकलं. चकलीचं पीठ भिजवलेलं होतं, ते तसंच ठेवून देवापाशी जाऊन बसली. मी चकल्या केल्या. मोडल्या सगळ्या.
रात्रीच ठरवलं, कागद गेले खड्ड्यात, सकाळी काढते गाडी. सकाळी विचारलं तर म्हणते, "नको. ती आपली नाय." बघा. आता तिलाच नको.

२३ ऑक्टो., भाऊबीज
दिनेश ओवाळून घ्यायला आला. करंजी तोंडात, तेवढ्यात आईने त्याला विचारलं, "दिनेश, त्या तल्यातून ते वर काराय किती मानसं लागतील?"
मी म्हटलं, तू तर म्हणालीस विसर्जन केलेलं...
"गणपती येतो ना दर वरसाला? का नाय येत? बोलवायला लागतं, बस. त्या दिवशी सगल्या गावाने बोलावलाय त्याला. लवकर या म्हणून. मंग?"
दिनेश: "काकी, पुढच्या वर्षी म्हणालेलो."
"मावशी थांबते का पुढच्या वर्षापतूर?"
करंजी त्याच्या घशातच अडकली. पाणी दिलं.

२६ ऑक्टो., रवि.
सगळं लिहायचं म्हटलं तर जमणार नाही, हात दुखतायत. तरी.
सकाळी तळ्यावर. मंडळाची तीच माणसं, पाण्यात उतरली, पायाने चाचपत. सापडायला वेळ लागला, गाळात रुतलेलं. दोर बांधून ओढलं. वर आलं ते नुसतं चिखल आणि शेवाळ. आईने कळशीने पाणी ओतलं, पदराने पुसलं, नंबर दिसेपर्यंत. मग हळद लावली, कुंकू लावलं. दोन्ही. माणसांनी टेम्पोत चढवलं. मी म्हटलं, आज घरी ठेवू, उद्या कल्याण.
आई टेम्पोत पुढे चढून बसली. तेव्हा लक्षात आलं, ही हिरवं पातळ नेसलीय.
"दिनेश, वांगनीकडं घे."
"आई, हा टेम्पो आहे."
"टेम्पो तं टेम्पो. गारी ती मागं हाय." मागे हात दाखवला, इंजिनाकडे. "चल, बस. घसरंल ते, धरून बस."
बसले. काय करणार. हौद्यात, ताडपत्रीवर, दोन्ही हातांनी अप्पांचं इंजिन धरून, रस्ताभर. कंपनीतल्या कुणी बघितलं नाही, निदान मला तसं वाटतं.
मावशीचं घर. ओटीवर काका. फार वाकलाय, काठी. टेम्पो बघून उठला, डोळ्यांवर हात धरून. आई उतरली नाही. बसल्या जागेवरून, त्या हळदीच्या दिवशीच्याच आवाजात,
"गारी कुठं लावू?"
तो आईकडे बघत होता, मग मागे माझ्याकडे, चिखलाची मी आणि माझ्या मांडीशी ते कुंकवाचं धूड. त्याला काय कळलं देव जाणे. पण टेम्पो त्याला आठवला, हे त्याच्या तोंडावर दिसलं. मला त्याचा राग यायला हवा होता, आलाच नाही.
"दारात," म्हणाला. "दारातच लाव, ताय."
काठी टाकून स्वतः अंगणातली खाट ओढायला लागला, जागा करायला. दिनेश धावला.
आई आत गेली. मी गेले नाही, दोघींना राहू दिलं. बाहेर फक्त मावशीचा आवाज आला, अगदी बारीक. "कशातून आलीस?" आणि आईचा, "आपल्या गारीतून."

२७ ऑक्टो., सोम.
आई तिकडेच राहिली. इंजिनही. दिनेशने काल अंगणातच उतरवलं, आईने हलवू दिलं नाही. आज एजंटचा फोन, मॅडम कधी आणताय? सांगितलं, बघते.
खाली पद्मिनी उभी आहे, पुसून ठेवली. चावी फिरवून बघितली, लगेच चालू झाली. बंद केली.
संध्याकाळी आईला फोन. मावशीने दोन घास पेज घेतली म्हणे. पुढचं कुणी काही बोलत नाही, डॉक्टरही नाही. विचारलं, न्यायला कधी येऊ?
"कशाला येतेस? गारी हाय ना इकडं."