अवलंबित (मुलगी)

रवि. १ फेब्रुवारी, अमरावती

आज झालेले:
१. गोल्फ क्लबच्या समितीची बैठक, व्हरांड्यात. नऊ जण, त्यांत बाबा.
२. विषय: एप्रिलपासूनची वार्षिक फी. सध्या ८,००१.
३. सेक्रेटरी तायडे काकांनी दरवर्षीप्रमाणे पाचशे वाढवून ८,५०१ सांगितले. शेवटचा एक शगुनाचा, तो बदलत नाही.
४. मी पायरीवर बसून बुटांची माती काढत होते. विचारले, पाचशेच का?
५. कोणालाच सांगता आले नाही.
६. काम माझ्याकडे आले. मुदत दोन आठवडे.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त इंजिनिअर. परतताना गाडीत म्हणाले, "तीस वर्षं झाली मले इथं. एक हिशेब नाई देल्ला कोणी." तक्रार नव्हती. खूश होते.

मंगळ. ३ फेब्रु., अकोला

दिवसभर ऑफिसात बाळापूरजवळच्या लिंबाच्या बागेचे ठिबक डिझाइन. संध्याकाळी खोलीवर क्लबचे काम. तायडे काकांनी रजिस्टरचे फोटो पाठवले. चौतीस, त्यांतले सहा उलटे.

खर्च लिहून काढला. मैदान सांभाळणारे हिंमतराव आणि चार माणसांचा पगार, कापणी यंत्राचे डिझेल, एप्रिल ते जून टँकर. आमच्याकडे होलभोवती हिरवळ नाही. वाळूत जळके ऑइल कालवून दाबलेले गोल आहेत, ब्राउन म्हणतात. पाणी लागत नाही, त्यामुळेच क्लब टिकला.

शुक्र. ६ फेब्रु., अकोला

शीट पूर्ण. खर्चातून इतर जमा वजा, भागिले पूर्ण सभासद. मुले पंचवीस ओलांडली की अवलंबितांतून पूर्ण सभासदांत, हे सूत्रातच घातले. उत्तर ८,७७५. समाधान वाटले. तीनदा तपासले, तीनदा तेच.

रवि. ८ फेब्रु., अमरावती

सकाळी बाबांबरोबर नऊ होल. चौथ्यावर रोहींचा, म्हणजे नीलगायींचा, कळप आडवा, दहा मिनिटे थांबलो. काळ्या मातीला आत्ताच भेगा पडू लागल्यात. भेगेत गेलेला चेंडू दंडाशिवाय बाहेर ठेवता येतो, हा आमचा स्थानिक नियम. बाबांचा दोनदा गेला, दुसऱ्यांदा सापडलाच नाही. माझा स्कोअर ४१, आतापर्यंतचा सर्वांत कमी, म्हणजे सर्वांत चांगला.

हिंमतराव म्हणाले, "ताई, नवव्यावर अजून घाई करता तुमी." खरे आहे.

रवि. १५ फेब्रु., अमरावती

बैठकीत शीट मांडली. तायडे काकांनी बोट ठेवून पूर्ण सभासद मोजले. माझे ७१, त्यांचे ६८.

"हे तीन कोण वं?"

मी यादी काढली. राठी काकूंच्या दोन मुली. तिसरी मी.

हसले सगळे. नियम मी वाचलाच नव्हता, गृहीत धरला होता. मुलगा पंचविसाव्या वर्षापर्यंत अवलंबित. मुलगी लग्न होईपर्यंत. चूक माझी, तसे तिथेच सांगितले. ६८ धरून ९,११८ येतात. समितीने ९,१५१ तात्पुरते ठरवले. बाबा हसले नाहीत.

मंगळ. १७ फेब्रु., अकोला

नियमावली पूर्ण वाचली, अकरा पाने. नोंद:

मुलगा पंचवीस झाला की वर्षाच्या आत अर्ज करून पूर्ण सभासद होतो. प्रवेश फी नाही. मुलीला हे रूपांतर नाही. तिचे लग्न झाले की नाव कमी होते. पुन्हा यायचे तर नवीन सभासद म्हणून, प्रवेश फी चाळीस हजार. अवलंबितांना मत नाही.

रजिस्टरात आजवर कमी झालेल्या मुली: अकरा. कारण: विवाह, अकरा वेळा. परत आलेल्या: शून्य. त्यांतली श्वेता माझ्याबरोबर शिकली खेळायला. अमरावतीतच दिली आहे, क्लबपासून चार किलोमीटर.

माझी ओळ: नाव, वडिलांचे कार्ड, अवलंबित (मुलगी), १,००१. चौदाव्या वर्षीची नोंद. आता एकोणतीस. पगार आठ वर्षांपासून.

कोणी फसवले नाही. ज्यांनी नियम केला त्यांना वाटले असेल, मुलीला सवलत देतोय.

रवि. २२ फेब्रु., अमरावती

चहाच्या वेळी बाबांना सांगितले, पूर्ण सभासदत्वासाठी अर्ज करणार आहे, मुलांच्या नियमाने.

त्यांनी कप खाली ठेवला. मग, "माह्या कार्डावर आहेस तं काय बिघडते? हजार रुपयांत खेळून राहिली."

म्हटले, बिघडत काही नाही.

"मंग काहून?"

तुमच्या कार्डावर असले की मी तुमची पाहुणी, असे काहीतरी म्हटले. ते बरोबर शब्द नव्हते. आई भाजी निवडत होती. म्हणाली, "पाहुणीच म्हणतात पोरीले, नवीन काय सांगून राहिली त्याईले."

बाबा दरवर्षी एक एप्रिलला स्वतः जाऊन माझी पावती फाडून आणतात. मनीबॅगेत ठेवतात, मला देत नाहीत. ते मी विसरले होते.

बुध. २५ फेब्रु., अकोला

तायडे काकांचा फोन. सोपा उपाय सांगायला. "तू अकोल्याची. तुले बाहेरगावची सभासद करून टाकतो, अर्धी फी, प्रवेश फी मीच माफ करून घेतो. अर्जगिर्ज कायले?"

बाहेरगावच्यांना मत असते का, विचारले.

"नसते. पण तुले मत देऊन करायचं काय आहे?"

फी ठरवायची आहे, म्हटले.

हसले. माणूस चांगला आहे. राठी काकूंच्या मुलींचे काय, तर म्हणाले, त्या बोलल्या नाहीत अजून, तू काहून बोलतेस. आभार मानून मी नाही म्हटले. नियमात शंभर किलोमीटर आहे. अकोला शंभराच्या आत येते. तेही सांगितले. "दोन-चारनं काय होते," म्हणाले.

रवि. १ मार्च, अमरावती

राठी काकूंबरोबर खेळले. त्या पत्नी म्हणून अवलंबित, बत्तीस वर्षे. मुलींना विचारते म्हणाल्या. पाचव्या होलवर त्यांना फोन लावला, सहाव्यावर उत्तर: दोघीही अर्ज करणार. काकू म्हणाल्या, आता स्थळ आलं की मी आधी विचारणार, पोरगा पोरीच्या कार्डावर बसतो का.

तिघी पूर्ण फी भरू लागलो तर ९,१५१ ऐवजी ८,८०१ पुरतात. प्रत्येकाचे ३५० वाचतात. समितीतल्या एकांना हे सांगितले. ते म्हणाले, लग्न होऊन मुली गावाबाहेर गेल्या की हिशेब कोसळेल. म्हटले, तुमचा मुलगा पुण्याला आहे. तुम्ही त्याला मोजलेच की. ते मान हलवत बॅग उचलून गेले. हो की नाही, कळले नाही.

शनि. ७ मार्च, अमरावती

माझा अंदाज: बाजूने तीन, विरोधात तीन, दोन सांगत नाहीत. नववे बाबा. म्हणजे बाबांच्या मताला वजन.

रात्री जेवताना त्यांनीच काढले. "मी मत देणार नाई. पोरीच्या अर्जावर बापानं बसू नये. बैठकीत बाहेर जाईन मी."

माझ्या मनातही हेच होते, पण ऐकल्यावर थोडे लागले. बरोबर आहे, म्हटले.

"नाई झालं तं?"

तरी नाव काढून घेणार, म्हटले. अवलंबित म्हणून पुढचे वर्ष नाही.

"मंग रविवारी काय करशील?"

तुमच्यासोबत चालीन. चालायला सभासद लागत नाही.

पोळी संपवली त्यांनी. मग म्हणाले, चालणाऱ्यानं बॅग उचलावी लागते. हसले. आज खूप दिवसांनी हसले.

रवि. ८ मार्च, अमरावती

तायडे काका क्लबवर म्हणाले, आज महिला दिन, आजच दे अर्ज, फोटो काढू. नको म्हटले. उद्या देईन.

स्कोअर ४३. नवव्यावर घाई केली नाही, तरी दोन फटके वाया.

सोम. ९ मार्च, अमरावती

अर्धा दिवस रजा. अर्ज दिला, पोच घेतली. त्याची प्रत इथे:

मा. सेक्रेटरी यांस,

मी २०२६-२७ पासून पूर्ण सभासद होण्यासाठी अर्ज करीत आहे. मुलांसाठी असलेला रूपांतराचा नियम मुलींनाही लागू करावा, तसे करताना वयाची व वर्षाच्या मुदतीची अट आमच्यासाठी एकदा शिथिल करावी. असे आणखी दोन अर्ज आजच जोडले आहेत. पूर्ण वार्षिक फी भरण्यास मी तयार आहे. फीच्या पहिल्या तक्त्यात माझ्याकडून चूक झाली होती, सुधारित तक्ता सोबत आहे. दोन्ही पर्यायांची फी त्यात दाखवली आहे.

निर्णय काहीही झाला तरी १ एप्रिलपासून माझे नाव वडिलांच्या कार्डावरून कमी करावे. कारणाच्या रकान्यात 'विवाह' लिहू नये. 'स्वतःच्या विनंतीवरून' असे लिहावे.

कृपया रविवार, २२ मार्चपर्यंत लेखी उत्तर द्यावे. उत्तर 'नाही' असे असले तरी द्यावे.