माशांले दिलेला ताण

३ एप्रिल, सौंसर

एकदाची पांढुर्ण्याहून बदली झाली आणि नव्या घरी बिऱ्हाड लागलं. बापा, काय घर आहे! तहसील ऑफिसातून सायकलीनं पाच मिनिटं, मागं मोठं आंगण, आंगणात सीताफळाचं झाड आणि गुडघाभर कठड्याचं सिमेंटचं टाकं. टाक्यात कोई जातीचे एकवीस शोभेचे मासे, बोटाएवढी पिल्लं, केशरी-पांढरी. पाहून डिंपल नाचालेच लागली. माझी पोट्टी साडेतीन वर्षांची, पण अंगानं दोनची वाटते. अंगणवाडीच्या वजनाच्या कार्डावर पिवळ्या, कमी वजनाच्या पट्ट्यातच अडकून पडली. माझी घरवाली अमृता म्हणून राहिली, की हवा बदलली, आता पोरगी अंग धरेल.

घरमालकीण देवकाबाई लेकीकडं छिंदवाड्याले चालल्या. अंगानं भरलेल्या, हसल्या की सगळ्या हलतात. ऑटोत बसवाले आम्ही दोघं लागलो. भिंतीवरच्या फोटोतला त्यांचा नवरा मात्र नुसतं चिपाड. जाताना दोनच गोष्टी सांगितल्या: माशांले उपाशी ठेवायचं नाही, आणि दाणा वरूनच टाकायचा, पाण्यात हात घालायचा नाही. हाव बाई, तसंच करतो म्हटलं. माशांचे एवढे लाड पहिल्यांदाच पाहिले.

१९ एप्रिल

डोकं फिरायची वेळ आली. सोळा दिवस झाले, मासे सुताएवढेही वाढले नाहीत. काय नाही केलं मी? नागपूरच्या मासेवाल्याले फोन केला. तो म्हणे, पिल्लांले बारीक दाणा द्या, थोडा थोडा, दिवसातून चारदा. पाच मिनिटांत खातील तेवढाच, उरलेला जाळीनं काढा. काढला. मटार उकडून, साल काढून, कुस्करून दिला. पालक दिला. तिसरा हिस्सा पाणी बदललं, वर हिरवी जाळी बांधून सावली केली. जेवणाच्या सुट्टीत दाणा टाकाले घरी पळतो म्हणून ऑफिसातला प्रतीक हसते. म्हणे कोंबड्या पाळल्या असत्या तर आतापावेतो रस्सा झाला असता. पट्टी धरून पाहतो, तेवढेच्या तेवढे.

घरात डिंपलचंही तेच. वरण-भाताचा घास गालात धरून बसते, गिळत नाही. आत चारा, बाहेर चारा, गुण कुठंच नाही. लेकाचे खातात ते जाते कुठं?

२ मे

पांढुर्ण्याले बाबूजींच्या संत्र्याच्या बागेत जाऊन आलो. मृग बहारासाठी झाडं ताणावर सोडली आहेत. पाण्याचा थेंब नाही, पानं सुकून गळून राहिली. मग ताण तोडायचा, भरपूर पाणी द्यायचं, की तेच झाड फुलानं लदबदते. लहानपणापासून पाहत आलो. येताना बसमध्ये डोक्यात आलं, हे मासे लाडावले आहेत, यांलेही ताण पाहिजे. भूक लागू दे, मग पाहा कसे सपाट्यानं वाढतात.

अमृता म्हणे, झाड वेगळं अन् मुका जीव वेगळा, आणि बाईनं उपाशी ठेवू नका म्हणून सांगितलं आहे. मी म्हटलं, बागाइतदाराच्या पोराले ताण शिकवू नको. आजपासून दहा दिवस दाणा बंद.

८ मे

ताणाचा सातवा दिवस, आणि मासे वाढून राहिले! दाण्याचा कण नाही पोटात, अन् बोटाचे वीतभर झाले. प्रतीकले फोटो दाखवला, त्यानं बोटानं मोठा करून पाहिला. अमृताले म्हटलं, सांग आता. डिंपल दोन दिवसांपासून जेवत नाही, ती त्या काळजीत आहे. ऊन बम तापून राहिलं, त्यानं असेल.

१२ मे

ताण तोडला. मूठभर दाणा टाकला, एकानं तोंड लावलं नाही. मटार टाकला, तसाच. सगळा दाणा फुगून वर आला, वास सुटला, आणि हे एकवीस हरामखोर एका कोपऱ्यात तोंडं वर करून घराकडं पाहत बसले. दोन तास उभा होतो उन्हात. शेवटी जाळीच फेकून दिली.

अंगणवाडीत डिंपलचं वजन झालं. पांढुर्ण्याहून कमी भरलं, लाल पट्ट्यात गेली. तिथल्या जयश्रीताई चारचौघींत अमृताले बोलल्या, लेकराले जेवाले देता की नाही? अमृता घरी येऊन रडली. फ्रॉक पोरीच्या खांद्यावरून घसरून राहिला.

१५ मे

डिंपल टाक्याजवळ सापडली. कठड्यावर ओणवी, कोपरापावेतो हात पाण्यात, आणि सगळ्या माशांची तोंडं तिच्या बोटांले लागलेली. ओढून काढली. हातावर ओरखडाही नाही, फक्त पांढरा फटक, सुरकुतलेला. म्हणे, बाबा तुम्ही दाणा बंद केला, मासे रडत होते, म्हणून मी रोज देते. काय देते गं? तर म्हणे, हात.

मी तिले रागावलो. फार मोठ्यानं रागावलो. टाक्यावर पत्रा झाकला.

१८ मे

डिंपलले पांढुर्ण्याले नेलं, आईजवळ ठेवलं. डॉक्टरनं रक्त पाहिलं, काही नाही म्हणे, सलाईन लावली. टाकं चाळीस किलोमीटरवर, अन् पोरगी तिथंही वाळून राहिली. घरी आणली. पत्रा उचलला. मासे हातभर.

१९ मे

एकाले जाळीनं काढून फरशीवर टाकला. मरू दे म्हटलं. आतून अमृता किंचाळली— डिंपलचा श्वास अडकला, ओठ निळे. मासा पाण्यात फेकला. पोरगी श्वास घ्याले लागली.

म्हणजे मारताही येत नाही.

२० मे

देवकाबाईले फोन. पहिल्यांदाच हसल्या नाहीत. मग सांगितलं. एका सालाले माशांनी दाणा सोडला, म्हणून त्यांनी पाण्यात हात घालून चारून पाहिलं. सुकून खाटेले लागल्या. तेव्हा नवऱ्यानं स्वतःचा हात घातला, मासे बाईले सोडून त्यांच्या हाताले लागले. पाच महिन्यांत ते गेले. ते गेले, आणि मासे पुन्हा बोटाएवढे झाले.

मी शिव्या घातल्या त्या बाईले. सरळ सांगाले काय झालं होतं? म्हणे, कोणी विश्वास ठेवला असता? मग विचारलं, नवऱ्यानं हात घातल्यावर तुमचं कसं झालं. म्हणे, त्याच संध्याकाळी मी दोन भाकरी खाल्ल्या.

२१ मे

हात घातला. मऊ तोंडं. दुखत नाही. फक्त खूप भूक लागली.

डिंपलनं वाटीभर भात खाल्ला. मागून घेतला.

२४ मे

पोरगी पळून राहिली आंगणात. माझं घड्याळ मनगटातून गळून पडलं. बाईचा नवरा पाच महिने टिकला म्हणे— माझे पाच दिवसही निघणार नाहीत— आता एकवीसच्या एकवीस मोठे आहेत.

अमृताले सांगितलं नाही. सांगितलं तर ती तिचा हात घालेल.

२६ मे

काल जाऊ शकलो नाही टाक्यापावेतो. संध्याकाळी डिंपलनं ताट सरकवलं. आज सरपटत गेलो. पत्रा काढला, हात घातला— परत झाकाले जोर नव्हता. पत्रा तसाच पडला.

२७ मे

अमृता वजनाचं कार्ड घेऊन जयश्रीताईले दाखवाले गेली. खुश होती. मले ऊन लागलं, असंच तिले सांगितलं आहे. डिंपल माझ्यापाशी. उठता येत नाही— पेन जड—

दोन पोळ्या खाल्ल्या माझ्या लेकीनं आज. दोन!

मले म्हणे, बाबा तुम्ही झोपा, तुमचे मासे उपाशी आहेत, मी देते. मागच्या दाराशी गेली. आवाज निघत नाही माझा— पत्रा उघडा आहे— डिंपल— पोरी, हात नको— हा—